उंचीची पोटगी

बार्शीत पोटगी उंचीत द्यायची पद्धत रुळून बरीच वर्षं झाली होती, त्यामुळे हणमंत शिंगटे दर महिन्याला थोडा बुटका होतो याचं कोणाला नवल वाटत नसे. महिन्याच्या पहिल्या सोमवारी तो निर्वाह कार्यालयात जाई, चपला दाराशी काढी आणि भिंतीला पाठ लावून उभा राही. कारकून डोक्यावरची लाकडी पट्टी खाली सरकवी, "श्वास सोडा" म्हणे आणि ठरलेली उंची वजा करून घेई. ती त्याच दिवशी त्याच्या मुलीच्या, केतकीच्या नावावर जमा होई आणि झोपेत तिला लागू होई. सकाळी तिच्या आईला फ्रॉकची मुडप थोडी उसवावी लागे.

हणमंतचा मंडपाचा धंदा होता. ऐन उमेदीत तो जमिनीवर उभा राहून कमानीची झालर बांधायचा, आणि लग्नघरची पोरं हातातलं खाणं विसरून त्याच्याकडे बघत राहायची. आता त्याला घडवंची लागे. त्याची तक्रार नव्हती. रविवारी केतकी यायची, आल्या आल्या त्याच्या पाठीला पाठ लावून उभी राहायची आणि हात मागे नेऊन चाचपायची. "पप्पा, कानापर्यंत आले!" असं ती ओरडली की आपला वरचा भाग चांगल्या ठिकाणी गेला, असं त्याला वाटे.

केतकीची आई वैजयंता आणि तो वेगळे झाले ते भांड्यांची आदळआपट न करता. लग्नसराईत तो घरी नसे, आणि पावसाळ्यात घरी असला तरी झोपलेला असे. एकदा ती म्हणाली, "तुम्ही लोकांची लग्नं उभी करत फिरता. आपलं आडवं पडलंय." काही वर्षांनी तिनं चष्म्याच्या दुकानातल्या शिवलिंग कोठावळेशी लग्न केलं. कोठावळे विधुर होता, त्याला अक्कू नावाची लहान मुलगी होती. लग्न रजिस्टर पद्धतीनं झालं. मंडप नव्हता. हणमंतला लग्नापेक्षा त्याचंच जास्त वाईट वाटलं.

मग नियम बदलला.

"तुमचा हप्ता आजपासून निम्मा," निर्वाह अधिकारी आगवणेबाई म्हणाल्या. "मुलगी ज्या घरात राहते त्या घरातला पुरुषही आता धरायचा. उरलेलं निम्मं कोठावळ्यांकडून वजा होईल."

"मला नको निम्मा," हणमंत म्हणाला. "पूर्ण घ्या."

"अहो शिंगटे, तुमची उंची वाचतेय. लोक यासाठी वकील लावतात."

"वाचवून काय करू?"

"तो तुमचा खाजगी प्रश्न. सवलत नाकारायची तरतूद नाही."

"कोठावळे कुठून देणार? तो माणूस स्वतःच्या काउंटरमागे दिसत नाही."

"नियमात दिसण्याची अट नाही," आगवणेबाई म्हणाल्या. कारकुनानं पट्टी अर्ध्यावरच थांबवली.

हणमंतचे कामगार खूश झाले. "सुटलात मालक," बांबू उचलता उचलता एक जण म्हणाला. गल्लीतल्या लोकांनी अभिनंदन केलं. शेजारच्या काकूंनी तर त्याच्याकडे खालपासून वरपर्यंत बघून, "आता जरा अंगाला लागेल," असंही म्हटलं. हणमंत मान हलवत राहिला. घरी येऊन मात्र तो जेवला नाही. आपल्या पोरीची टाच आपली आणि गुडघा दुसऱ्याचा, असा काहीतरी विचार त्याच्या मनात येऊ लागला, आणि तो जाता जाईना.

पुढच्या रविवारी केतकी आली आणि सवयीनं त्याच्यामागे जाऊन उभी राहिली.

"आज नको," तो म्हणाला. "पाठ धरलीय."

"शेकून देऊ?"

"नको गं. आपोआप जाईल."

तिनं थोडा वेळ त्याच्याकडे बघितलं, मग गुपचूप चहा टाकला. ओट्यापाशी उभी असताना ती वाढलेली दिसत होती. किती आपल्यामुळे आणि किती कोठावळ्यामुळे, हे काही तिच्याकडे बघून कळत नव्हतं. पुढचे काही महिने दर रविवारी तो पाठीचंच कारण सांगत राहिला. तिनं पुन्हा शेकायचं विचारलं नाही. त्यानं हरकतीचा अर्ज करायचं ठरवलं आणि ही गोष्ट चार माणसांत बोलूनही टाकली.

दोन-तीन दिवसांनी तो गांधी पुतळ्याजवळच्या मैदानात एका साखरपुड्याचा मंडप घालत होता. घडवंचीवर उभा राहून सुतळी आवळत असताना खालून आवाज आला, "शिंगटेसाहेब, जरा बोलायचं होतं."

खाली कोठावळे उभा होता. तो मुळातच ठेंगणा, आता आणखी बसका झालेला. विजार घोट्याशी दोनदा दुमडलेली होती. एका हातात टोपी आणि दुसऱ्या हातात अक्कूचं बोट. अक्कू वर झालरीकडे बघत होती.

हणमंत खाली उतरला. दोघं कनातीच्या सावलीत गुंडाळलेल्या सतरंजीवर बसले. अक्कू बांबूंवरून तोल सांभाळत चालू लागली.

"तुम्ही हरकत घेणार, असं ऐकलं," कोठावळे म्हणाला.

"घेणार."

"घ्या. तुमचा हक्कच आहे." तो थोडं थांबला. "खरं सांगायचं तर तुमची हरकत मंजूर झाली तर माझं भलंच होणार आहे. आमचं घर आता नियमात बसवलंय. आधी मोठ्या मुलाला द्यायचं, उरलं तर धाकट्याला. ज्येष्ठतेनुसार. आणि माणसाला एका मर्यादेखाली कमी करत नाहीत. मी त्या मर्यादेच्या आसपासच असतो. केतकीचं दिलं की अक्कूला द्यायला माझ्याकडे उरत नाही."

हणमंतनं अक्कूकडे बघितलं. तिच्या अंगातला फ्रॉक जुना होता, आणि अगदी बरोबर बसत होता.

"वाढत नाही?"

"नियम आल्यापासून नाही. शाळेतल्या नळाला हात पुरत नाही तिचा. डबा खाऊन झाला की मैत्रिणी ओंजळीनं पाणी पाजतात."

"मग माझ्या हरकतीच्या बाजूनं सही करा की. विचारायला कशाला आलात?"

कोठावळे टोपी फिरवत राहिला. "आमच्या घरी दाराच्या चौकटीवर केतकीच्या खुणा आहेत. पेन्सिलीच्या. प्रत्येक खुणेपुढे 'प' काढलेला असतो. प म्हणजे पप्पा, तुम्ही. मागच्या महिन्यात तिनं वर नवी खूण केली आणि पुढे 'का' लिहिलं. कोठावळेकाकांचा का. मला म्हणाली, काका, ही तुमची. आता ती खूण पुसायची म्हणजे... मला ठरवता येईना, शिंगटेसाहेब. म्हटलं, तुमच्याकडे जावं. तुम्हाला द्यायचा अनुभव जास्त आहे."

एवढे दिवस त्याच्या मनात कोठावळे म्हणजे आपल्या पोरीत घुसलेला माणूस होता. समोर बसलेल्या माणसाच्या चपला त्याला मोठ्या होत होत्या आणि बोलताना तो त्या पायानं ओढून धरत होता.

"मी अर्ज करत नाही," हणमंत म्हणाला.

"मग अक्कूचं?"

"माझी निम्मी पडूनच आहे. कुणाला तरी लागायलाच पाहिजे ना ती."

सोमवारी ते सगळे कार्यालयात गेले. वैजयंताही आली. हणमंत आणि ती बऱ्याच दिवसांनी एका बाकावर बसले होते. तिनं तिरक्या नजरेनं त्याच्याकडे बघितलं.

"किती कमी झालायत तुम्ही," ती हळूच म्हणाली. "पूर्वी दारातून वाकून यायचात."

"आता वाकावं लागत नाही. बरं पडतं."

"आणखी किती देणार आहात? धंदा कसा करणार?"

"मंडपाला शिडी मिळते की."

आगवणेबाईंनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि चष्मा पुसला. तो कोठावळ्याच्याच दुकानातला होता. "देता येईल," त्या म्हणाल्या. "पण नातं लागेल. देणारा हा घेणाऱ्याचा जन्मदाता, सावत्र किंवा दत्तक बाप, नाहीतर जवळचा नातलग असला पाहिजे. तुम्ही या मुलीचे कोण?"

"तिच्या बहिणीचा बाप."

"बहीण सख्खी?"

"नाही. सावत्र."

"म्हणजे सावत्र बहिणीचे सख्खे वडील. असं नातं आमच्याकडे नाही."

"भाषेतही नाही," कारकून म्हणाला. सगळं ऐकता ऐकता त्यानं शोधून बघितलं होतं.

"काका लिहा," वैजयंता म्हणाली.

"काका वडिलांचा भाऊ. कोठावळे, हे तुमचे भाऊ का?"

कोठावळ्यानं हणमंतकडे बघितलं. हो म्हणायची त्याची फार इच्छा दिसत होती. "नाही," तो शेवटी म्हणाला.

"मामा?"

"मामा म्हणजे मी त्यांची बहीण झाले," वैजयंता म्हणाली, आणि तिला हसू आलं. हणमंतलाही आलं. लग्न मोडल्यापासून ते दोघं एका गोष्टीवर एकदम हसले नव्हते.

आगवणेबाई हसल्या नाहीत, पण कंटाळल्याही नाहीत. "जोडीनं राहणाऱ्यांचं सोपं असतं," त्या म्हणाल्या. "उंची घरातल्या घरात जाते, कोणी मोजत नाही. आम्ही सात भावंडं, सगळी ताडमाड. आई शेवटी शेवटी परातीत झोपायची. तिला नातं विचारायला कोणी आलं नाही." मग त्यांनी अक्कूला जवळ बोलावलं. "बाळ, तू सांग. तुला विचारल्याशिवाय होणारही नाही. हे कोण?"

"केतकीताईचे पप्पा."

"ते झालं. तुझे कोण?"

अक्कूनं मान मागे टाकून हणमंतकडे बघितलं. तो बराच कमी झाला होता, तरी तिच्यासाठी पुष्कळ होता. ती बघत राहिली. कारकुनानं पेन उचलून धरलं होतं. वैजयंतानं तोंडाशी पदर धरला.

"वरचे," अक्कू म्हणाली.

कारकून उठून उभा राहिला, कारण 'वरचे' म्हटलं की उठायची त्याला सवय होती.

"वरचे?" आगवणेबाईंनी विचारलं. "नक्की?"

अक्कूनं मान हलवली.

आगवणेबाईंनी खुर्ची थोडी मागे घेतली. "मग प्रश्नच मिटला," त्या म्हणाल्या. "वरच्यांना हे कार्यालय नातं विचारत नाही. वरच्यांनी द्यायचं ठरवलं की आम्ही फक्त अंमल करायचा. एवढ्या वर्षांत तसंच चालत आलंय." आणि हणमंतकडे वळून त्या जरा अदबीनंच म्हणाल्या, "या साहेब, पट्टीखाली."

हणमंत भिंतीला पाठ लावून उभा राहिला. कारकुनानं पट्टी थांबली होती तिथून हळूच पुढे सरकवली. "श्वास सोडा" म्हणायच्या आधीच हणमंतनं सोडला होता.

पुढे सगळं सुरळीत झालं. अक्कूचे फ्रॉक आखूड होऊ लागले. एक दिवस ती शाळेतून परस्पर मंडपाच्या गोदामावर आली आणि "मी नळाचं पाणी स्वतः प्याले" एवढं सांगून पळत घरी गेली. कोठावळ्यानं दुकानात काउंटरमागे पाट टाकून घेतला. हणमंतनं शिडी विकत घेतली. रविवारी आता दोन्ही मुली यायच्या, आणि तो दोघींच्या पाठीला पाठ लावून उभा राहायचा. कुणाचं किती हे विचारायचं त्यानं सोडून दिलं होतं. सणावाराला वैजयंता डबा पाठवायची, तोही कोठावळेच घेऊन यायचा आणि मग तासभर बसायचा. दोघांना बोलायला विषय फारसे नव्हते, पण विजारी एकाच मापाच्या लागत असल्यामुळे शिंपी एकच ठेवला होता.

अक्कूच्या वाढदिवसाला वैजयंतानं सगळ्यांना फोटो काढायला नेलं. स्टुडिओतला माणूस नवा होता, बार्शीत नुकताच आलेला. कॅमेऱ्यात डोळा घालून त्यानं हात हलवला आणि म्हणाला, "छोटी मंडळी पुढे बसा."

हणमंत आणि कोठावळे पुढे जाऊन मांडी घालून बसले. कोठावळ्यानं गुडघा आत घेऊन जागा केली. अक्कूनं बसायला साफ नकार दिला, ती मोठ्यांच्या ओळीत वैजयंताला खेटून उभी राहिली. तिच्या पलीकडे केतकी.

"ताई, जरा वाका," फोटोवाला केतकीला म्हणाला.

"वाकू नकोस," हणमंत पुढून म्हणाला.

फोटो चांगला आला. केतकीचं डोकं वरून थोडं कापलं गेलं होतं. हणमंतनं त्याच्या दोन प्रती घेतल्या.