चौगुलेची अकरा घरं

संपत चौगुले कुणालाही "कसे आहात" असं विचारत नाही. तो विचारतो, "सकाळी काय खाल्लं?"

पोस्टमनला विचारतो, दातांच्या डॉक्टरला विचारतो, कौन्सिलच्या कचरागाडीवाल्यालाही सोडत नाही. तो ज्या कॉलेजात नोकरी करतो तिथल्या प्रिन्सिपल बाईंना त्यानं भर मीटिंगमध्ये विचारलं. बाई म्हणाल्या, फक्त कॉफी. यानं खिशातून फॉइलमध्ये गुंडाळलेला शेंगदाण्याचा लाडू काढला आणि त्यांच्या फाइलवर ठेवला. एकदा मॅच चालू असताना रेफरीला विचारलं. रेफरीला वाटलं, हा टोमणा मारतोय. त्यानं पिवळं कार्ड दाखवलं. चौगुले कार्डाकडे बघून मला म्हणाला, "बघा काका, उपाशीच आलाय."

माझी बायको शालू गेली तेव्हा क्रेमेटोरियमच्या दारात माणसं रांगेनं सॉरी सॉरी म्हणत होती. चौगुलेचा नंबर आला. माझा हात हातात धरून म्हणाला, "काका, सकाळी काय खाल्लं?" मी त्याला मारणारच होतो, खरं सांगतो. पण हात त्यानं धरून ठेवला होता.

मी रामटेके. नागपूरकडचा, चौथी शिकलेला. इंग्लंडात कॉव्हेंट्रीला येऊन जन्मभर फाउंड्रीत लोखंड ओतलं. मला गोड बोलता येत नाही, लिहिता तर त्याहून येत नाही. पण चौगुलेबद्दल कुणीतरी लिहायला पाहिजे, आणि दुसरं कुणी लिहील असं दिसत नाही.

तो माझा शेजारी. आमच्या गल्लीत घरं एकमेकांना चिकटून आहेत, दोन घरांत भिंत एकच. माणूस कोल्हापूरचा. कॉलेजची मिनीबस चालवतो. कॉलेजला एक फुटबॉल टीम होती, तिला दर बुधवारी दुपारी मॅचला न्यायचं आणि हरली की परत आणायचं, हे त्याचं काम. पाच वर्षं त्यानं ती टीम फक्त आरशात बघितली होती. मागच्या सीटवर तोंडं पाडून बसलेली. कधी नऊच पोरं यायची, कधी आठ. आधीचा कोच एका बुधवारी गेला तो आलाच नाही. चौगुलेनं रविवारी रविवारी जाऊन कोचिंगचे दोन कोर्स केलेले होते, हे कुणालाच माहीत नव्हतं. त्यानं सर्टिफिकेटं बाईंच्या टेबलावर ठेवली. बाईंनी टीम त्याला दिली, कारण दुसरं कुणी मागतच नव्हतं. पण अट घातली. ईस्टरपर्यंत दर मॅचला अकरा खेळाडू उभे पाहिजेत आणि एक तरी मॅच जिंकली पाहिजे. नाहीतर टीम कायमची बंद.

दुसरा माणूस असता तर त्यानं पोरांना पळवलं असतं. चौगुले वही घेऊन आमच्या गल्लीत दारं वाजवायला लागला.

कोल्हापुरात म्हणे तालमींच्या फुटबॉल टीम असतात. तालीम कुस्तीची, पण चेंडूसाठीही तितकीच वेडी. मॅच हरली तर अख्खी पेठ दोन दिवस कुणाशी बोलत नाही. चौगुलेच्या लहानपणी त्यांच्या पेठेत मॅचच्या दिवशी प्रत्येक खेळाडूचं जेवण एकेका घराकडे असायचं. म्हणजे टीम हरली की अकरा घरांना आपलं अन्न फुकट गेल्यासारखं वाटायचं. तो हे हात हलवून हलवून सांगायचा आणि शेवटी म्हणायचा, "टीम नंतर, काका. आधी पेठ."

मी म्हटलं, इथे कुठली पेठ? इथे समोर आयरिश म्हातारी, कोपऱ्यावर गुजराती बेन, पलीकडे बस चालवणारे सरदारजी, आणि निम्म्या लोकांना निम्म्यांची नावं माहीत नाहीत.

"मग चांगलंच की," तो म्हणाला, "भांडणं पण नसतील."

आणि खरंच त्यानं घरं जमवली. आयरिश म्हातारीला त्यानं लेफ्ट बॅक दिला. बेनला दोन्ही विंगवाले. त्या पोरांना ठेपले इतके आवडले, की एकजण बुटांच्या पिशवीत ठेपले भरून बूट बेनकडेच विसरून गेला आणि पहिला हाफ साधे कॅनव्हासचे शूज घालून खेळला. चौगुले खेळाडूंना नावानं हाक मारायचाच नाही. "चिप्सवाला कुठाय?" असं विचारायचा. चिप्सवर माणूस साठ मिनिटं पळतो आणि एकसष्टाव्या मिनिटाला बसतो, असा त्याचा अभ्यास होता.

माझ्याकडे आला तेव्हा शालूला जाऊन आठ महिने झाले होते. मी सरळ सांगितलं, मला स्वयंपाक येत नाही, दुसरं दार बघ.

तो गेला नाही. आवाज खाली करून म्हणाला, "काका, गोलकीपर राहिलाय. मार्कस. घरचं काही विचारू नका. पोरगं उपाशी येतंय. चेंडू अडवताना डोळ्यापुढं अंधारी येती त्याच्या."

उपाशी म्हटल्यावर मी काय बोलणार. बुधवारी अकरा वाजता पाठव म्हटलं.

मार्कस आला. सहा फुटांच्या वर, काठीसारखा, दारातून वाकून आत येणारा. मी पातेल्यात भात लावला होता, त्याला खाली लागल्याचा वास. वरण पाण्यासारखं. भाकरी थापली तर परातीला चिकटली, उचलली तर तीन तुकडे झाले. ते तिन्ही तुकडे मी त्याच्या ताटात एकाला एक लावून ठेवले, जणू अखंड आहे. तो "थँक्यू अंकल" म्हणाला आणि सगळं खाल्लं. ताट चाटूनपुसून लख्ख.

आता आपल्याकडे ताट रिकामं झालं तर काय करतात? मी पुन्हा वाढलं. त्यानं पुन्हा संपवलं. मी पुन्हा वाढलं. त्याचे डोळे मोठे झाले. मला वाटलं, बघा, केवढी भूक साठली होती. चौथ्या वेळेस भात संपला म्हणून मी थांबलो. उठताना त्यानं टेबलाला धरलं. मला वाटलं, अशक्तपणा.

त्यानंतर दर बुधवारी हेच. मी शालूच्या डब्यांवरची तिची अक्षरं वाचत वाचत मसाले शोधायला लागलो. मंगळवारी फोल्सहिल रोडवर जाऊन वांगी आणायची, ज्वारीचं पीठ बघायचं. पिठलं जमलं. भाकरी गोल नाही पण एका तुकड्यात यायला लागली. बुधवारी उठायला कारण झालं, असं म्हणा. इतर वारी मी चहात बिस्किट बुडवून दिवस काढायचो, ते कुणाला सांगायची गरज नव्हती.

तिकडे टीम सुधारत होती. मैदानाच्या कडेला आयरिश म्हातारी घडीची खुर्ची टाकून बसायची आणि लेफ्ट बॅक पडला की रेफरीला तिच्या भाषेत जे बोलायचं ते बोलायची. सरदारजी शिफ्ट बदलून यायचे. माणसं बघायला आहेत म्हटल्यावर पोरं दांडी मारीनात. दर मॅचला अकरा व्हायला लागले, वर दोन जादा. आठ-आठ गोलांनी हरणारी टीम दोन-एकनं हरायला लागली. मग दोन मॅच बरोबरीत सुटल्या. चौगुले बरोबरीतसुद्धा मिनीबसचा हॉर्न वाजवत यायचा.

जिंकायची मात्र नाही. आणि घोळ, मला सांगायला लाज वाटते, माझ्या गोलकीपरचा होता. सप्टेंबरात मांजरासारखा उडी मारणारा मार्कस फेब्रुवारीत चेंडूकडे बघून नुसता सुस्कारा टाकायचा. एक साधा घरंगळत आलेला चेंडू त्याच्या पायाखालून गेला. वाकेपर्यंत गोल झाला होता. पोटावर जर्सी ताणलेली. मला वाटलं, पोटात जंत असतील, खाल्लेलं अंगी लागत नाही. मी तूप वाढवलं. चौगुलेला म्हटलंही, की याला आठवड्यातून दोनदा पाठव. त्यानं ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

शेवटच्या मॅचच्या आधीच्या रविवारी माझ्या दाराशी एक बाई आल्या. धिप्पाड, डोक्याला रंगीत रुमाल, हातात झाकलेलं भांडं. मार्कसची आई. जमैकाकडच्या. म्हणाल्या, मुलाला दर बुधवारी जेवू घालणारा माणूस कोण ते बघायला आले.

मी आत बसवलं. चहा केला. त्या इकडेतिकडे बघत होत्या, मग म्हणाल्या, त्यांची स्वतःची खानावळ आहे. मार्कस बुधवारी सकाळी तिथे पोटभर खातो, तळलेल्या भाकऱ्या, मासे, केळी, आणि मग माझ्याकडे येऊन पुन्हा खातो. शर्टाची शिवण त्यांनी दोनदा उसवून मोठी केली. पोराला विचारलं तर म्हणतो, कोचनं सांगितलंय, त्या अंकलकडे जायचंच, आणि लोकांच्या घरी ताटात काही ठेवायचं नाही हे तर तूच शिकवलंयस.

मी म्हटलं, पण तो उपाशी असतो ना?

बाई इतक्या हसल्या की चहा सांडला. म्हणाल्या, माझा मुलगा जन्मल्यापासून एक दिवस उपाशी राहिलेला नाही. मग हसू थांबलं आणि त्यांनी भिंतीवरचा शालूचा फोटो बघितला. आणलेलं भांडं टेबलावर ठेवलं, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि गेल्या.

मी तसाच चौगुलेच्या दारात. डोकं तापलेलं. शेजारी असून त्याच्या घरात मी कधी पाय ठेवला नव्हता. त्याची बायको तीन वर्षांपूर्वी मुलीकडे लंडनला, स्टॅनमोरला, नातवंडं सांभाळायला गेली, ती तिकडचीच झाली, एवढं माहीत होतं. दार उघडंच होतं. हा किचनमध्ये सिंकपाशी उभा राहून कोरडा टोस्ट खात होता. बशी नाही, काही नाही. चुरा सिंकमध्ये पडावा म्हणून वाकलेला.

मी म्हटलं, "तो उपाशी असतो असं खोटं काहून सांगितलं मला?"

"नाहीतर तुम्ही घेतलं नसतं त्याला."

"मग बेनकडे द्यायचा होता."

त्यानं टोस्ट खाली ठेवला. हात पुसले, उगाच बराच वेळ पुसले.

"काकी होत्या तवर रोज संध्याकाळी सातला तुमचा कुकर व्हायचा," तो म्हणाला. "तीन शिट्ट्या. भिंतीतनं ऐकू यायच्या. आमची ही स्टॅनमोरला गेल्यापासनं मी त्या तीन शिट्ट्या झाल्या की ताट घ्यायचो. कुणाच्या तरी पंगतीला बसल्यागत वाटायचं. काकी गेल्या आणि भिंत गप झाली. मला कळलं, तुम्ही पण गप झालाय."

मी ओरडलो. "आणि टीमचं काय? गोलकीपरचा बैल करून ठेवला मी. तुला दिसत होतं ना?"

"दिसत होतं."

"मग?"

"टीम काय, पुढच्या वर्षी दुसरी करता येईल."

हे खोटं होतं. या वयाच्या मिनीबस ड्रायव्हरला दुसरी टीम कोण देणार होतं? ते त्याला माहीत होतं आणि मलाही.

बुधवारी मार्कस आला तेव्हा मी अर्धी भाकरी आणि थोडं वरण एवढंच वाढलं. आणि त्याला शिकवलं, की आमच्यात नको असेल तर ताटावर आडवा हात धरायचा. त्यानं दोनदा विचारून खात्री करून घेतली. मग म्हणाला, अंकल, हे सप्टेंबरात सांगितलं असतं तर. आणि दोघंही हसलो. त्या घरात किती दिवसांनी कुणी हसलं ते मी मोजलं नाही.

मॅच जिंकली. एक-शून्य. गोल कसा झाला ते मला विचारू नका, चेंडू चिप्सवाल्याच्या गुडघ्याला लागून आत गेला. पण शेवटी शेवटी त्यांच्या पोरानं मारलेला चेंडू कोपऱ्यात चालला होता आणि मार्कस आडवा झाला. अंगाखाली चिखलात चेंडू दाबून तो तसाच पडून राहिला. आयरिश म्हातारी खुर्चीवर उभी राहिली होती, तिला सरदारजींनी धरलं होतं. प्रिन्सिपल बाई आल्या होत्या. टीम राहील म्हणाल्या. चौगुले एकटाच गोलपोस्टला हात लावून उभा होता, आमच्याकडे पाठ करून.

मी त्याला म्हटलं, आज माझ्याकडे जेवायला ये. तो नाही म्हणाला. तालमीचा नियम आहे म्हणे, कोचनं खेळाडूच्या घरी जेवायचं नाही, दुसऱ्या घरांना राग येतो. मी दोन शिव्या दिल्या, तरी ऐकलं नाही. हट्टी माणूस.

कुकर शालूचा. ती गेल्यापासून मी त्याला हात लावला नव्हता. त्या दिवशी वरच्या फडताळातून काढला, धुतला, रिंग जरा कडक झाली होती ती कोमट पाण्यात ठेवली. डाळ, तांदूळ, पाणी. झाकण बसवायला तीन वेळा खटपट करावी लागली. पावणेसातला गॅसवर चढवला आणि भिंतीशेजारची खुर्ची ओढून बसलो.

पहिली शिट्टी झाली. दुसरी. तिसरी.

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला, मग स्टीलचं ताट टेबलावर ठेवल्याचा.

मी उठून माझं वाढून घेतलं.