अमेरिकन ग्रीस

सोपानरावांना नुसता एक स्क्रू दाखवा, ते अख्खी रायफल सांगणार! निदान त्यांचं म्हणणं तरी तसंच होतं. साखर कारखान्यात तीस वर्षं फिटरकी केली, आणि निवृत्त झाल्यावर हा माणूस काटेवाडीच्या पारावर बसायचं सोडून मोबाइलवर अमेरिकन लष्कराच्या जुन्यापुराण्या रायफली बघत बसला. इंग्रजी कळत नव्हतं, पण लोखंड कळत होतं! पुण्याच्या जुन्या बाजारातून त्यांनी दोन स्क्रू, दस्त्याच्या बुडाची एक पट्टी आणि खांद्यावरच्या पट्ट्याची एक कडी एवढा संग्रहही आणला होता. तो पेढ्याच्या बॉक्समध्ये कापूस घालून निजवलेला असे.

"पोरीच्या लग्नाचं बघायचं सोडून खिळं काय निजवताय?" त्यांची बायको द्वारकाबाई करवादायची.

आणि लग्नाचं आलंच की! मुलगी स्वरूपा आणि बावड्याचा राजवर्धन यांचं बारामतीत शिकतानाच जमलं होतं. आता मोठ्या माणसांनी बसून सुपारी फोडायची, एवढंच बाकी होतं. बावड्याला निघताना स्वरूपानं बजावलं, "तात्या, तितं रायफलीचं काढायचं न्हाय. माझ्या गळ्याची शपथ!"

"छ्या! म्या काय येडा हाय व्हय?" सोपानराव म्हणाले.

आता याला नशीब म्हणायचं की काय म्हणायचं! राजवर्धनचे वडील विजयसिंह यांच्या ओसरीत पाऊल टाकलं, तर समोरच्या भिंतीवर रायफल! लांबलचक, काळीभोर, दस्ता अक्रोडाचा. सोपानरावांच्या हातातला पाण्याचा तांब्या तिथंच थबकला.

"आज्याची हाय," विजयसिंह कौतुकानं म्हणाले. "कवाच निकामी केलीया, पर परवान्यात नोंद हाय. अमेरिकन हाय म्हनत्यात. खरं-खोटं कोन सांगणार?"

स्वरूपानं बापाकडं बघून डोळे मोठे केले. पण शपथ एकीकडं राहिली आणि सोपानराव बोलून गेले, "म्या सांगतो की!"

रायफल खाली आली. सोपानरावांनी तिच्या पाठीवरचं झाकण पेटीसारखं वर उघडून दाखवलं. "ही बघा! गोळी हितनं घालायची. दीडशे वर्सांमागं अमेरिकन शिपाई ही घिऊन फिरत व्हता!" मंडळी चकित झाली. विजयसिंहांची छाती दोन इंच फुगली, आणि स्वरूपासुद्धा जरा सैल झाली. तेवढ्यात आतून पानं वाढल्याची हाक आली.

"तुमी व्हा म्होरं," सोपानराव म्हणाले. "एक शिक्का बघतो आन् आलोच."

शिक्का म्हणजे अमेरिकन लष्कराच्या गरुडाचा. घोड्याशेजारच्या पट्टीवर तो असायलाच हवा. पण पट्टीवर लालसर काळा, चिवट, चांगला जाड थर! सोपानरावांनी नख लावून बघितलं, नाकाशी धरलं आणि खूश झाले. अमेरिकन लष्कर रायफल कोठारात ठेवताना असलंच तांबूस ग्रीस थापतं, हे त्यांनी पन्नास वेळा पाहिलं होतं. वाळून वाळून असंच घट्ट होतं म्हणे! खिशात तेलाची कुपी आणि दाढीचा जुना ब्रश कायम असायचाच. थेंब सोडला, ब्रश फिरवला, रुमालानं खसाखसा पुसलं. आतून गरुड चकाकत बाहेर आला!

"गावला!" सोपानरावांनी आरोळी ठोकली. "अस्सल अमेरिकन! वर ग्रीस सुदिक अमेरिकन व्हतं, काढून टाकलं बघा सगळं!"

पंगत अर्धी उठून धावत आली. विजयसिंहांनी पट्टी बघितली आणि त्यांचा चेहरा उतरला. राजवर्धन रायफलीशेजारी खाली बसला. मागून विजयसिंहांच्या म्हाताऱ्या आई, कुशाबाई, काठी टेकत आल्या.

"पाव्हणं," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "ते कुकू व्हतं. दर खंडेनवमीला ह्या घरची सून तेलात कालवून लावती. खालचं माझ्या सासूचं, मग माझं. आन् वरचं ह्या राजाच्या आईचं. ती जाऊन तीन वर्सं झाली. तवापास्नं कुनी त्यावर बोट ठिवलं न्हाय."

सोपानरावांनी हातातल्या रुमालाकडं बघितलं. लालभडक! अहो, दरवर्षी खंडेनवमीला आपल्या पान्यांना आणि हातोड्यांना तेच स्वतः कुंकू लावत होते! आणि दुसऱ्याच्या घरात त्यांना ते ग्रीस दिसलं! तीन सुनांची बोटं त्यांनी दाढीच्या ब्रशनं पुसून टाकली होती. इतकी लाज त्यांना जन्मात वाटली नव्हती. "चुकलं," ते म्हणाले. द्वारकाबाईनं तोंडाला पदर लावला.

"तात्या, तुमी भाईर बसा," स्वरूपा म्हणाली. आवाज रडवेला, पण पक्का.

सोपानराव गुमान बाहेर गेले आणि चपलांच्या ढिगाशेजारी बसले. आपल्या पोरीचं लग्न आपण आपल्याच हातानं मोडलं, हेच डोक्यात घुमत होतं. आतून स्वरूपाचा आवाज आला, "आजी, तात्यांनी पुसलं ते काय मला परत आनता यायचं न्हाय. पर तुमी म्हनाल तर ह्यावर म्होरं म्या लावीन."

काठी दोनदा जमिनीवर वाजली. मग कुशाबाईंचा आवाज. "आज न्हाय लावायचं. खंडेनवमीलाच लावायचं असतंय, आन् ते बी ह्या घरच्या सुनेनं. इजय, लगीन वैशाखात उरकून घे!" वर म्हातारी म्हणाली, "पोरगी गुणाची हाय. बापाचं काय, त्याला लग्नात लांब बसवू."

आत सुपारी फुटली, हसण्याचा आवाज आला. सोपानरावांच्या डोळ्यांत पाणी आलं. आनंदाचं किती आणि शरमेचं किती, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. आत जायची हिंमत मात्र झाली नाही.

इतक्यात फाटक वाजलं. शेजारचे मोहनराव लगबगीनं आत शिरले. त्यांच्या काखेत गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी लांबडं होतं.

"रामराम! हितं जुन्या रायफलीतलं कुनी मोठं जानकार आल्यात म्हनं? आमच्या माळ्यावर ह्यो दस्ता गावलाय. कुठं हायेत ते?"

सोपानरावांनी गोणपाटाकडं बघितलं. हात शिवशिवला. मग त्यांनी तो रुमालासकट मांडीखाली दाबून धरला.

"ते व्हय? ते मघाशीच गेलं," ते म्हणाले. "आन् परत काय यायचं न्हायती. म्या? म्या नुसता पोरीचा बाप हाय."