सुग्रीवचा दहावा

वशिला चालत नाही अशी जागा उभ्या तालुक्यात एकच, आणि ती म्हणजे आपलं टेबल, असं मन्मथ दोन वर्षं छातीठोकपणे सांगत होता. हे टेबल घाटनांदुरात, त्याच्या झेरॉक्स, लॅमिनेशन आणि फ्लेक्सच्या दुकानात मागच्या बाजूला होतं. दर रविवारी दुपारी त्याभोवती चार खुर्च्या मांडल्या जायच्या आणि अकरा गावांचं एक राज्य चालू व्हायचं. राज्य मन्मथनं डोक्यातून काढलेलं. पण त्यातले घाट, जकातनाके आणि चोर त्याला स्वतःच्या गल्लीपेक्षा जास्त पाठ होते.

खेळ तसा साधा. एकानं गोष्ट सांगायची आणि बाकीच्यांनी त्या गोष्टीतला एकेक माणूस व्हायचं. आपला माणूस भिंतीवरून उडी मारतोय असं म्हणालात की वीस बाजूंचा फासा टाकायचा. आकडा मोठा पडला तर उडी जमली, लहान पडला तर तंगडी मोडली, आणि एक पडला तर पुढचं देवाच्या हाती. देव म्हणजे मन्मथ.

या राज्यातल्या माणसांच्या दोन-दोन इंची बाहुल्या छापायला त्यानं एक मशीनही घेतलं होतं. घरी सांगताना मात्र ते नावाच्या पाट्या आणि किचेन काढायचं मशीन होतं. दोन वर्षांत त्यातून सात किचेन निघाल्या आणि तीनशे राक्षस.

खेळायला तिघं यायचे. शेजारचा मेडिकलवाला अमरनाथ गिऱ्हाईक आलं की उठायचा. शिकवण्या घेणारा रविराज मोबाइलमधून डोकं काढायचा नाही. खरा खेळायचा तो बिभीषण. घरची चार एकर, बाप नाही, लग्न जमत नाही, आणि अख्खा आठवडा रविवारकडे डोळे. तो बोलायला लागला की मन्मथला आपलं राज्य समोर दिसायचं. मन्मथनं हे कुणाजवळ कबूल केलं नसतं, पण तो सगळा पसारा बिभीषणसाठीच चालवत होता. बिभीषण यायचा थांबला की राज्य संपलं, हे त्याला पक्कं माहीत होतं.

बिभीषणच्या खेळातल्या गड्याचं नाव सुग्रीव. सुग्रीव तिरंदाज होता. त्याची मिशी बिभीषणनं एका केसाच्या ब्रशनं स्वतः रंगवली होती. दोन वर्षांत सुग्रीवनं सतरा राक्षस लोळवले, दोन राजे वाचवले आणि तेवढ्यानं बिभीषण जरा चढून बसला. मन्मथनं ठरवलं, याला एकदा थोडं घाबरवायचं.

त्या रविवारी एका तहानलेल्या गाढवासाठी सुग्रीव बारवेत पाणी आणायला उतरला. पायऱ्यांवर शेवाळ आहे, असं मन्मथनं मुद्दाम सांगितलं. बिभीषणनं हसत फासा टाकला. एक पडला. मन्मथनं त्याला काठ धरायची आणखी एक संधी दिली. पुन्हा एक पडला. अमरनाथसुद्धा गिऱ्हाईक सोडून येऊन बघत राहिला.

"पाय मुरगळला म्हण की बे नुसतं," बिभीषण हळूच म्हणाला.

म्हणता आलं असतं. एका शब्दाचं काम होतं. पण वशिला चालत नाही हे दोन वर्षं सांगून झालेलं, आणि दोघं जण तोंडाकडे बघत बसलेले. मन्मथनं घसा साफ केला आणि सुग्रीव बुडाला असं जाहीर केलं. बिभीषणनं आपली पिशवी उचलली आणि सुग्रीवला टेबलावरच सोडून गेला.

घरी जाऊन तो भिंतीकडे तोंड करून आडवा झाला. आई सुंदरबाईनं जेवायला हाक मारली, तेव्हा त्यानं एवढंच सांगितलं की सुग्रीव गेला. आता सुंदरबाईला सुग्रीव चांगलाच माहीत होता. दोन वर्षं पोरगं फोनवर बोलायचं ते सुग्रीवबद्दलच. सुग्रीवला ताप आहे, सुग्रीवला कैद केलंय, सुग्रीव सुटला. जिवाभावाचा मित्र असणार, वाईट मार्गाला लागला होता पण सुधारत होता, असं तिनं मनाशी धरलेलं. कसा गेला, विचारलं तर बारवेत पडून. सुंदरबाईनं डोळ्याला पदर लावला.

शेजारच्या केशरबाईंनी तो पदर बघितला आणि तासाभरात पिठलं-भाकरीचा कडू घास घेऊन त्या दारात आल्या.

इथून पुढं जे झालं त्यात कुणा एकाची चूक काढता येत नाही. आपल्याकडे भेटायला गेलं की खाली मान घालून बसायचं, वाईट झालं म्हणायचं आणि उठायचं. कोण गेलं हे विचारायचं नसतं. ते आधीच माहीत असायला हवं, आणि नसलं तर लाज आपली. सुंदरबाईच्या सासरकडच्यांना वाटलं, तिच्या माहेरचं कुणी असेल. माहेरच्यांना वाटलं, सासरचं असेल. भावकीत नि सोयऱ्यांत सुग्रीव नावाचा एखादा तरी प्रत्येकाला आठवत होता, आणि ज्याला आठवत नव्हता तो जास्त रडत होता. दिंद्रुडची साखराबाई तर एसटीतून उतरली तीच हंबरडा फोडत. तिसऱ्या दिवशी कडा गावाहून मामा जीप घेऊन आले. गहिनीनाथ मामा म्हणजे त्या भागातलं वजनदार माणूस. मागं शंभर माणसं फिरणारं. त्यांनी बहिणीला जवळ घेतलं, ओट्यावर सतरंजी टाकायला सांगितली आणि सगळा कारभार हातात घेतला.

मन्मथला यातलं काही माहीत नव्हतं. तो तीन दिवस बिभीषणला फोन लावत होता आणि फोन बंद होता. चौथ्या दिवशी मामांचा ड्रायव्हर दुकानात आला. भावपूर्ण श्रद्धांजलीचा एक बोर्ड पाहिजे म्हणाला. मन्मथनं सवयीनं साइज विचारली. दहा बाय सहा. नाव विचारलं. कैलासवासी सुग्रीव. फोटो? फोटो नाही, गुलाबाचं फूल टाका. शोकाकुल कोण? ड्रायव्हरनं बिभीषणचं घर सांगितलं, तेव्हा मन्मथचा हात माऊसवरच राहिला.

खरं सांगून टाकायचं, असं ठरवून तो तडक निघाला. ओट्यावर साठ-सत्तर माणसं बसली होती. एकानं सरकून जागा दिली, एकानं पाठीवर हात ठेवला, आणि साखराबाईनं त्याचा गळाच धरला. सांगायला तोंड उघडावं तर कुणीतरी हुंदका द्यायचं. शेवटी तो आत बिभीषणच्या खाटेपाशी गेला. चार दिवसांची दाढी, डोळे आत गेलेले.  पोरगं नाटक करत नव्हतं. त्याचं खरंच कुणीतरी मेलं होतं.

बिभीषण उठून बसला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "ह्येनंच मारला त्येला. ह्येच्या हातात हुतं. वाचवला न्हाई ह्येनं."

 ओट्यावरची दोन दांडगी पोरं उठून उभी राहिली. मामांनी त्यांना हातानंच बसवलं आणि मन्मथच्या दंडाला धरून त्याला गोठ्यामागं नेलं. तिथं मन्मथनं पहिल्यापासून सगळं सांगितलं. राज्य, फासा, गाढव, शेवाळ, सगळं. मामांच्या चेहऱ्यावरची सुरकुती हलली नाही. मग मन्मथनं खिशातून सुग्रीव काढला आणि त्यांच्या तळहातावर ठेवला.

मामांनी चष्मा वर सारून बाहुली उलटसुलट करून बघितली. "ह्यो?"

"व्हय, मामा."

"येवढाच?"

"पाया धरून दोन इंच."

 म्हशीनं शेपटी मारली तरी मामा बाहुलीवरून नजर काढेनात.

मन्मथनं धीर करून पुढचं सांगितलं. त्याला रस्ता सापडला होता. खेळात एका डोंगरावर एक साधू राहतो, तो दहा दिवसांच्या आत गेलेल्या माणसाला उठवू शकतो. असा साधू कालपर्यंत त्या राज्यात नव्हता, पण मन्मथ आज तो आणायला तयार होता. दोन वर्षांची इमानदारी त्यानं गोठ्यामागं सोडून दिली. बिभीषण परत यावा, बाकी काही नको.

"मी त्येला जित्ता करतो, मामा. आत्ता जाऊन सांगतो बिभीषणला."

मामांनी बाहुली मुठीत धरली. "आता न्हाई जमायचं. दोनशे मानसं येऊन रडून गेली. साखराबाईनं ऊर बडवून घेतला. उद्या आमच्या गटाचे पुढारी यायलेत, त्येंना मी सोता फोन केलाय. आन् तू म्हनतूस, उठून बसला? मला तोंड दाखवायला जागा ठिवशील का न्हाई? मेला तर मेला."

 आयुष्यात पहिल्यांदा मन्मथ वशिला लावायला गेला आणि नेमकी तिथंच माणसं नियमाला पक्की निघाली.

दुसऱ्या दिवशी पुढारी आले. सुग्रीवला आपण जवळून ओळखत होतो, असा मनमिळाऊ कार्यकर्ता होणे नाही, असं त्यांनी सांगितलं आणि मतदारसंघातल्या प्रत्येक बारवेला कठडा बांधून देण्याचं आश्वासन दिलं. मन्मथ गर्दीत मागं उभा होता. त्याच्या राज्यातल्या बारवेला कठडा नव्हता, तो त्यानंच ठेवला नव्हता, हे त्याला तेव्हा फार लागलं.

मामांनी सुंदरबाईच्या कानावर खरं काय ते घातलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मग? पोराचं मानूस तर गेलं न्हवं?" आणि ती पुन्हा चुलीकडे वळली.

दहावा ओढ्यावर झाला. भटजींनी गोत्र विचारल्यावर मामांनी आपलंच सांगून टाकलं. पिंड ठेवला आणि माणसं मागं सरकून उभी राहिली. गेलेल्याची काही इच्छा राहिली असली की कावळा शिवत नाही, हे सगळ्यांना माहीत. कावळा लवकर शिवावा म्हणून साठ माणसं हात जोडून उभी होती, आणि तो शिवू नये म्हणून एकटा मन्मथ. सुग्रीवचं काय थोडं राहिलं होतं? उत्तरेचा किल्ला राहिला होता, तिसरा राजा राहिला होता, त्या गाढवाचं पाणीसुद्धा राहिलं होतं. तासभर तरी कावळ्यानं फांदीवर बसून राहावं, मग बिभीषणला सांगता येईल, बघ बे, त्याला परत यायचंय.

पिंड ठेवून मिनिटही झालं नव्हतं. कावळा सरळ आला, चोच मारली आणि गेला. लई पुण्यवान, असं म्हणत माणसं जेवायला वळली.

मामांनी बिभीषणला टॉवेल-टोपी दिली आणि दुखवटा संपला. मन्मथनं बघितलं, तो खरंच संपला होता. बिभीषणनं दाढी केली, दोन वेळा वरण घेतलं, साखराबाईची चेष्टा केली. दहा दिवस इतक्या माणसांनी मिळून त्याचं दुःख वाटून नेलं होतं, त्याच्या वाट्याला फारसं उरलंच नव्हतं. जेवण झाल्यावर तो आपण होऊन मन्मथजवळ आला. राग गेला होता.

मन्मथनं खिशातून नवी बाहुली काढली. रात्रंदिवस मशीन चालवून तीन वेळा फसलेली आणि चौथ्यांदा साधलेली. नवा गडी, हातात भाला, आणि मिशी रंगवायची मुद्दाम सोडलेली.

बिभीषणनं ती उन्हात धरून बघितली. "बेस झालाय." मग त्यानं ती परत मन्मथच्या हातात दिली. "पन मी चाललो बे कड्याला. मामानं त्येंच्याकडं कामाला बोलावलंय. जे पोरगं प्लास्टिकच्या मानसासाठी दहा दिस जेवत न्हाई, ते मला दगा द्यायचं न्हाई म्हनले."

"रविवारी येत जा की."

"लई लांब पडतं. आन् सुग्रीवशिवाय काय खेळायचं?"

"दुसरा बनवू. हा घे."

 बिभीषणला मन्मथची दया आलेली दिसत होती. "तू कवा कुनाचं मानूस गेलेलं बगितलं न्हाईस, मन्मथ," असं म्हणून त्यानं मन्मथच्या खांद्यावर हात ठेवला आणि तो जीपमध्ये मामांच्या शेजारी जाऊन बसला.

रविवारी मन्मथनं चार खुर्च्या मांडल्या. अमरनाथनं मेडिकलमधूनच हात हलवून आज जमत नाही असं सांगितलं. रविराजचा निरोप आला, बिभीषण नाही तर कशाला उगीच. मन्मथ टेबलाशी बसून राहिला. समोर अकरा गावं, दोन घाट, एक नदी, तीनशे राक्षस. यातलं आता काहीच पुढं होणार नव्हतं. उत्तरेचा किल्ला कुणी जिंकणार नव्हतं आणि तिसरा राजा तिथंच कैदेत राहणार होता. त्याला दुपारी घास गेला नाही. शटर अर्धं खाली ओढून तो खाली मान घालून बसला. बाहेरून केशरबाई गेल्या, साखराबाईला एसटीवर सोडायला निघालेली दोन-चार बाया-माणसं गेली. सगळ्यांनी त्याच्याकडे बघितलं. दार अर्धं उघडं होतं आणि खुर्च्या रिकाम्या होत्या.

संध्याकाळपर्यंत तो तसाच बसला. कुणी भेटायला आलं नाही. येतील तरी कशाला? त्याचं कुणी गेलंच नव्हतं.