न्यायला येणाऱ्या व्यक्तीचे विद्यार्थ्याशी नाते

अंबडच्या एका इंग्लिश मीडियम शाळेने यंदा मुलांच्या सुरक्षेसाठी नियम केला. शाळा सुटली की मूल असंच कुणाच्या हाती द्यायचं नाही. न्यायला येणाऱ्याने गळ्यात शाळेचं कार्ड घालायचं, वॉचमनने मुलाला "हे कोण?" असं विचारायचं, आणि मुलाचं उत्तर कार्डावरच्या नात्याशी जुळलं तरच गेट उघडायचं. नियम उत्तम होता. त्यामुळे पहिल्याच दिवशी सिनियर केजीची अर्पिता गेटच्या आत राहिली.

तिला न्यायला तिची सख्खी आजी, झुंबरबाई, आल्या होत्या. कार्ड होतं. कार्डावर फोटो होता, फोटोत डोक्यावर पदरही होता. नात्याच्या रकान्यात 'आजी' छापलं होतं. वॉचमन कडूबाने नियमाप्रमाणे विचारलं, "बाळा, ह्या कोण?"

"वहिनी," अर्पिता म्हणाली.

कडूबाने पासष्ट वर्षांच्या झुंबरबाईंकडे पाहिलं, पाच वर्षांच्या अर्पिताकडे पाहिलं आणि गेटला कडी घातली.

यात पोरीची चूक नव्हती. झुंबरबाई लग्न होऊन आल्या तेव्हा धाकटा दीर आबाराव आठ वर्षांचा होता. तो दिवसभर वहिनी भाकर, वहिनी पाणी, वहिनी माझी चड्डी कुठं, असं ओरडत घरभर फिरायचा. पुढे झुंबरबाईंना कल्याण झाला. त्याने घरात जे ऐकलं तेच उचललं आणि जन्मदात्या आईला वहिनी म्हणायला लागला. मग दूधवाला, सरपंच, म्हशीचा डॉक्टर, सगळ्यांच्या त्या वहिनी झाल्या. कल्याणची मुलगी वेगळं काय म्हणणार? आपल्याकडे अशी घरं ढिगाने आहेत. आईला काकू म्हणतात, आजीला आई म्हणतात, बापाला दादा म्हणतात, आणि शाळेत नाव घालेपर्यंत कुणाचं काही अडत नाही.

झुंबरबाईंचं मात्र अडलं. गाव सोडून लेकाकडे अंबडला आल्यापासून त्यांच्याशी मनापासून बोलणारं माणूस एकच होतं, आणि ते दुपारी साडेबाराला सुटायचं. शाळेपासून घरापर्यंतची वीस मिनिटं हाच त्यांचा दिवस होता. आता ती वीस मिनिटं गेटच्या आत अडकली, आणि अर्पिता रिक्षाने घरी यायला लागली.

शाळेच्या ऑफिसातल्या तृप्ती मॅडमनी कल्याणला सोपा उपाय सांगितला. पोरीला 'आजी' म्हणायला शिकवा. पण कल्याणची बायको वर्षाराणी हिने हरकत घेतली. 'आजी' हे पद तिच्या जालन्याच्या आईकडे, गोपिकाबाईंकडे, आधीच गेलेलं होतं. एका लेकराला दोन आजी म्हटल्यावर ते कन्फ्यूज होतं, असं तिने मोबाईलवर पाहिलं होतं. तेव्हा सासूबाईंना नवीन नाव द्यायचं ठरलं आणि फॅमिली ग्रुपवर मतदान झालं. दादी, अम्मा, मोठी आई आणि ग्रॅनी असे चार उमेदवार होते. पुण्याच्या नातेवाइकांच्या जोरावर 'ग्रॅनी' निवडून आली. आबारावांनी चौघींनाही अंगठा दिला. झुंबरबाईंकडे मोबाईल नसल्यामुळे त्यांना निकाल तोंडी कळवण्यात आला.

"ग्रॅनी," त्या म्हणाल्या. "कपाशीवर फवारायचं हाय का ते?"

कोर्टासमोर बसणाऱ्या वकिलाकडून प्रतिज्ञापत्र झालं. झुंबरबाई ऊर्फ वहिनी ही यापुढे सर्व कामकाजासाठी ग्रॅनी या नात्याने ओळखली जाईल. अर्पिताकडून ते रोज संध्याकाळी पंचवीस वेळा म्हणून घेण्यात आलं. ती पंचवीस वेळा बराबर म्हणायची आणि नंतर स्वयंपाकघरात जाऊन विचारायची, "वहिनी, ग्रॅनी कोणैय?"

शाळेने प्रतिज्ञापत्र मान्य केलं. कॉम्प्युटरने केलं नाही. त्याच्या हिशेबी आता अर्पिताला तीन आज्या झाल्या होत्या. बापाकडची आजी, आईकडची आजी आणि ग्रॅनी. कॉम्प्युटरला दोनच मंजूर होत्या.

"एक कमी करावी लागंल," तृप्ती मॅडम म्हणाल्या. "कारण निवडा. एक तर मृत, न्हाई तर परदेशी वास्तव्य."

"परदेशी टाकलं तर?" कल्याणने विचारलं.

"पासपोर्टची झेरॉक्स लागती."

कल्याणने दोन्ही कारणं परत वाचली.

"अहो, आजी थोड्याच जाऊन राह्यल्या? त्यांची एंट्री जाऊन राह्यली," मॅडमनी धीर दिला.

कल्याणची अंकुशनगरला कारखान्यात दुसरी पाळी होती, बस सुटायची होती. त्याने बापाकडच्या आजीपुढे 'मृत' वर बोट ठेवलं.

कॉम्प्युटर कर्तव्यदक्ष होता. त्याने तत्काळ पालकांच्या ग्रुपवर कळवलं की शाळेची विद्यार्थिनी कु. अर्पिता हिच्या आजीचे दुःखद निधन झाले आहे. पाचव्या मिनिटाला पहिले हात जोडले गेले. संध्याकाळपर्यंत ती बातमी गल्लीच्या, गावाच्या आणि फॅमिलीच्या ग्रुपवर पोचली. आबारावांनीही श्रद्धांजली वाहिली. वहिनीला तर घरात कोणी आजी म्हणत नाही, तेव्हा गेलेली बाई आपली नसणार, असं त्यांनी नंतर जेवायला आल्यावर सांगितलं. जेवायला वहिनीनेच वाढलं.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटताना दोन मिनिटं शांतता पाळण्यात आली. झुंबरबाई नवं कार्ड घालून गेटवर आल्या तेव्हा कडूबा टोपी काढून उभा होता.

"कोण वारलं?" त्यांनी हळूच विचारलं.

"कोणाची तरी आजी म्हणत्येत."

"लई वाईट झालं," झुंबरबाई म्हणाल्या आणि डोळे मिटून त्याही उभ्या राहिल्या.

शांतता संपली. कडूबाने टोपी घातली, अर्पिताला पुढे घेतलं आणि विचारलं, "बाळा, ह्या कोण?"

अर्पिताने पंधरा दिवसांचा सगळा अभ्यास आठवला. मग वहिनीने तिच्याकडे पाहून हसून दिलं, आणि अभ्यास गेला.

शेवटी तृप्ती मॅडमनीच तोडगा काढला. यादीत तळाला एक नातं होतं, त्याला पडताळणी लागत नव्हती. 'इतर.' मूल काहीही म्हणो, इतर व्यक्तीला नेता येत होतं. कल्याणला ते आईला सांगायची लाज वाटली. झुंबरबाईंनी खोदून विचारलं तेव्हा तो म्हणाला, "इतर म्हंजी बाकीचे. ज्याईचं काही नातं लागत न्हाई ते."

झुंबरबाईंनी कार्ड पदराने पुसलं.

"पण लेकरू देत्येत ना?"

"हो."

"मंग झालं," त्या म्हणाल्या आणि चप्पल घालून साडेबाराच्या आधी अर्धा तास निघाल्या.

श्रद्धांजल्या अजून येऊन राह्यल्यात. काल दोनशे सदतीस होत्या. कोण गेलं, कशाने गेलं, तिचं नाव काय होतं, असं त्यात एकानेही विचारलेलं नाही. मोबाईल काढा आणि बघा. जोडलेल्या हातांची एक जोडी तुमची आहे.