परत न येणारा सा

पुढं जाणारा समाज पुन्हा त्याच जागी येत नसतो. पंचवटीतल्या एका खासगी शाळेचे अध्यक्ष देवराम निकम यांना हे सत्य १९८१ साली पेटीसमोर बसल्या बसल्या उमगलं. निकमसाहेब निवृत्त इंजिनियर. (त्यांनी बांधलेला पूल अजून भक्कम उभा आहे, रस्ता तेवढा दुसरीकडून गेला.) सारेगमपधनी एवढं चढून गेल्यावर पुन्हा ‘सा’च भेटणार असेल, तर चढलो कशाला, असा त्यांचा सवाल होता.

तोड त्यांनीच काढली. स्वर दुप्पट उंच झाला की सा परत येतो. तेव्हा थेट तिपटीपर्यंत जायचं आणि त्या अंतराचे तेरा सारखे भाग पाडायचे. सा वाटेत भेटणारच नाही. वाल्मीक पेटीवाल्यानं आठ दिवस सूर घासून तशी पेटी करून दिली आणि आपलं नाव कुठं सांगू नका, अशी हात जोडून विनंती केली.

गाणं शिकवणाऱ्या चांगुणाबाई जाधव नऊ वर्षं तात्पुरत्या होत्या. (शाळेत इतकं कायम दुसरं काहीच नव्हतं.) स्नेहसंमेलनात पाहुण्यांसमोर प्रार्थना नव्या सुरांत झाली, की तुम्हाला कायम करण्याच्या कागदावर सही करतो, असं साहेबांनी सांगितलं. बाई महिनाभर झटल्या. पण पेटी कुठंही जावो, पोरं ठरल्या वेळी आपल्या ‘सा’वर परत यायची. दोन मुली रडायच्या. एकाला ओकारी झाली (ती भेळेमुळे, असा खुलासा फळ्यावर लागला).

संमेलनाच्या दिवशी चांगुणाबाईंनी पट्ट्यांवर बोटं फिरवली, भाता मात्र हलवलाच नाही. पोरांनी रोजची प्रार्थना रोजच्या चालीत म्हटली. टाळ्या पडल्या. साहेबांचे डोळे पाणावले. सा परत न आल्यामुळं मन कसं मोकळं झालं, असं प्रमुख पाहुणे म्हणाले. लगेच केलेल्या पाहणीत १४२ पैकी १४१ जणांना फरक स्पष्ट जाणवला.

उरलेल्या एकट्या म्हणजे शाळेच्या शिपाई फुलाबाई.

"साहेब, ही तर रोजचीच प्रार्थना हाय," त्या म्हणाल्या. "पेटी वाजलीच नाय."

साहेब रागावले नाहीत. शास्त्रीय वृत्तीचा माणूस. फुलाबाईंना नीट ऐकू येतं का, एवढंच त्यांनी चांगुणाबाईंना विचारलं. कागद टेबलावर होता, पेन उघडं होतं. चांगुणाबाईंच्या बाळंतपणात फुलाबाईंनी दीड महिना दोन्ही वेळचा डबा पोचवला होता.

चांगुणाबाईंनी फुलाबाईंकडं पाहिलं नाही. "वयोमानानं होतं, सर," त्या म्हणाल्या.

सही झाली. बहिऱ्या माणसाच्या हाती शाळेची घंटा देणं धोक्याचं, म्हणून फुलाबाईंना पाणी भरायला लावण्यात आलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी चांगुणाबाईंपुढं चहा ठेवला.

"काल मला ऐकू आलं, बाई," त्या हळूच म्हणाल्या आणि कळशी घेऊन गेल्या.

चहा तसाच निवला. कायम झालेल्या शिक्षिकेला तासाला उशीर करून चालत नाही.

नवी सुरावट त्या शाळेत पुढं बरीच वर्षं शिकवली गेली (भाता बंद ठेवून). ज्या वाचकांनी ती ऐकलेली नाही, त्यांनी आपल्या शाळेतली प्रार्थना आत्ता मनात म्हणून पाहावी. फरक जाणवेल. न जाणवल्यास लेखी कळवावं. सोबत वयाचा दाखला जोडावा.