दोन मामांचं एक कपाट

सांगतो, पण विश्वास ठेवणार नाही तुम्ही. आजवर कोणी ठेवलेला नाही. तुमच्या कपाटाचा रंग वाळायला अजून अर्धा तास आहे ताई, तेव्हा स्टूल पुढे ओढा आणि ऐका.

याच हाटकेशमध्ये, अशाच एका गाळ्यात दोन भाऊ लोखंडी कपाटं बनवायचे. थोरला पंढरीनाथ पत्रा कापायचा, वेल्डिंग करायचा. धाकटा धर्माजी कुलूप बसवायचा, रंग मारायचा. एकदा थोरला एका गिऱ्हाइकाला म्हणाला, "परवा देतो," आणि त्याच वेळी मागून धाकटा म्हणाला, "आठ दिवस लागतील." गिऱ्हाईक हसत निघून गेलं. त्या दिवसापासून भावाभावांचं बोलणं बंद. अकरा महिने. आधी बोलेल तो हरला.

धंदा मात्र झकास चालला होता, कारण मधे बहीण होती, वैजयंता. ती ऑर्डरी घ्यायची आणि एकाचे निरोप दुसऱ्याला पोचवायची. दोघांमध्ये अंतर असेल सहा फूट.

"वैजू, त्या गाढवाला सांग, जरा हात चालव."

वैजू सहा फूट चालत जायची. "धर्मा, दादा विचारतोय, दमलास का? चहा सांगू का म्हणतोय."

"त्याला सांग, तुझ्या वेल्डिंगपेक्षा बालवाडीतली पोरं सरळ रेघ मारतात."

वैजू पुन्हा सहा फूट. "दादा, धर्मा म्हणतोय, तुझ्या हाताला तोड नाही. फक्त डावीकडचा सांधा एकदा बघून घे."

नियम ठरून गेला होता. वैजूने आणून दिलं तेवढंच ऐकायचं. बाकीचं कानावर पडलं तरी पडलं नाही.

मग वैजूच्या मुलीचं, संचिताचं लग्न ठरलं. रविवारी, नवघरच्या हॉलमध्ये. वैजू तयारीसाठी घरी बसली आणि जाताना बजावून गेली, "पोरीला दोन्ही मामांनी मिळून केलेलं एक कपाट पाहिजे. नाही आलं तर अंतरपाटाच्या वेळी माझ्या मागे मामा नको म्हणते. काकाला उभं करणार आहे."

आता भाचीच्या मागे उभं राहायला दोन्ही मामा तेवीस वर्षं थांबलेले. आणि काका म्हणजे कोण, तर चेण्याचा राघो. माणूस असा, की दुसऱ्याच्या बारशाच्या फोटोतही मधोमध.

भाऊ कामाला लागले. पण निरोप न्यायला कोणी नाही. धाकटा रंगाच्या डब्याला म्हणाला, "आरसा उजव्या दाराला आहे, भोकं तिकडे पाडावीत." थोरल्याने ऐकलं, पण वैजूने आणलं नव्हतं. त्याने डाव्या दाराला चार भोकं पाडली. मग थोरला वेल्डिंग मशीनला म्हणाला, "पोरीला मोरपंखी आवडतो. गुलाबी बघून तिला मळमळतं." धाकट्याने ऐकलं आणि गुलाबी मारला.

रविवारी सकाळी थोरला हँगरचा दांडा बसवायला कपाटात शिरला. खण अजून घातले नव्हते, माणूस आरामात मावत होता. तेवढ्यात धाकटा कुलूप तपासायला आला आणि त्याने दार ढकललं. खट्. चावी थोरल्याच्या खिशात. दुसरी चावी वैजूच्या पर्समध्ये, नवघरला.

धाकट्याला कळलं की आत दादा आहे. पण हाक मारली तर हरला. दादाला कळलं की बाहेर धर्मा आहे. हाक मारली तर तोही हरला. हवा भोकांतून येत होती, तिचा प्रश्न नव्हता. धाकट्याने विचार केला, नाहीतरी कपाट नवघरलाच जायचंय. टेम्पो बोलावला.

हमाल म्हणाला, "सेठ, इसमें क्या भरा है?"

"आहेर," धाकटा म्हणाला.

रस्ता तुम्हाला माहीतच आहे. प्रत्येक खड्ड्याला थोरल्याचं डोकं पत्र्यावर आपटत होतं, पण तोंडातून शब्द नाही. निश्चय म्हणजे निश्चय. हॉलवर कपाट उतरवून स्टेजशेजारी उभं केलं. संचिताने गुलाबी रंग बघून डोळे मिटले. राघो पुढे आला. "पत्रा पातळ दिसतोय," म्हणत त्याने दारावर दोनदा वाजवलं.

आतूनही दोनदा वाजलं.

वरपक्षाच्या पहिल्या दोन रांगा रिकाम्या झाल्या. भटजी मंगलाष्टकांचं पुस्तक छातीशी धरून मागच्या दारापर्यंत पोचले. राघो मात्र फोटोग्राफर कुठे आहे ते बघत होता. वैजू पर्समध्ये चावी शोधत म्हणाली, "धर्मा, दादा कुठाय?"

तेव्हा धाकट्याला राहवलं नाही. सगळ्या मांडवादेखत तो कपाटापुढे हात जोडून उभा राहिला. "दादा, चुकलं माझं. बाहेर ये. पोरीच्या मागे तूच उभा राहा."

दार उघडलं. थोरला बाहेर आला, ताठ मानेने, एका बाजूने गुलाबी. त्याने धाकट्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि दोघे मिळून भाचीच्या मागे उभे राहिले. पण ताई, हार ती हार. आधी धाकटा बोलला, हे अख्ख्या नवघरने ऐकलंय.

मागे रंगाची बंदूक चालू होती, ती थांबली.

"दादा, ताईंना खरं सांग. टेम्पो अजून यायचा होता. दार लागून दोन मिनिटंही झाली नसतील, तोच आतून आवाज आला, 'धर्मा, उघड रे, मला अंधाराची भीती वाटते.' तो काय कपाटाचा होता?"