उणे दोन म्हणजे क्रोटन

अधिक तीन

आधीच सांगतो, चूक माझी नव्हती. गणित खेळातून शिकवणारा माझ्यासारखा माणूस शोधून सापडणार नाही, असं मी नाही म्हणत, माझी बायको म्हणते. (ती हे म्हणाली तेव्हा मी मुलाला मण्यांनी भागाकार शिकवत होतो आणि तिच्या तुटलेल्या माळेचे सगळे मणी कपाटाखाली गेले होते. तिचा सूर वेगळा होता, पण शब्द हेच.)

तर, सातवी ब. या वर्गाला ऋण संख्या म्हणजे भूत! तिनातून पाच जातातच कसे, यावर वर्ग बैलासारखा अडून बसलेला. मी मोठ्या बाईंकडे, म्हणजे मुख्याध्यापिकांकडे गेलो आणि आठवड्याला एक तास खेळातून गणितासाठी मागितला. शिल्लक एकच होता, शुक्रवारचा शेवटचा. तो पीटीच्या सरांचा. बाईंनी त्यांचा तास मला दिला, पण अट घालून. सत्राच्या शेवटी ऋण संख्यांची चाचणी होईल. वर्ग पास झाला तर तास कायमचा माझा, नापास झाला तर परत पीटीचा. पेपर काढणार आणि तपासणार आमचे दुसरे गणित शिक्षक. हे गृहस्थ वर्गात तोंड उघडत नाहीत, फक्त छापील कागद वाटतात. मुलं त्यांना छापील सर म्हणतात.

मी म्हणालो, बाई, तास माझा झाला असं लिहूनच ठेवा.

अधिक दोन

आमच्या मजल्यावर एक लांबलचक व्हरांडा आहे. त्यावर मी संख्यारेषा काढली. खडूनं काढली तर सफाईच्या मावशी पहिल्या घंटेआधीच लख्ख पुसायच्या, म्हणून सुट्टीच्या दिवशी येऊन पिवळ्या ऑइलपेंटनं काढली. कंबर धरली, पण रेषा अशी सरळ की पट्टीला लाज वाटावी! शून्य आमच्या वर्गाच्या दारात. उजवीकडे अधिक, डावीकडे उणे. दोन आकड्यांत एक मोठी ढांग.

पहिल्याच शुक्रवारी चमत्कार. आमच्या वर्गात एक मुलगी आहे, कुजबुज. तिला काहीही विचारा, ती उत्तर स्वतःच्या कॉलरला सांगते. गणितात तर कॉलरलाही नाही. तिला मी अधिक तीनवर उभं केलं आणि पाच ढांगा मागे जायला सांगितलं. ती गेली, खाली बघितलं, आणि मला चक्क ऐकू आलं.

"सर, मी मायनस दोनवर आहे."

दोन वर्षांतलं तिचं पहिलं वाक्य! मी त्या रात्री जेवलो नाही, इतकं पोट भरलं होतं.

अधिक एक

आता व्हरांडा म्हटला की त्याला दारं असणार. दारामागे माणसं असणार. हा माझा दोष आहे का?

स्टाफरूमचं दार आलं उणे तीनवर. भाषेच्या बाई दारातच थबकल्या. इतकी वर्षं नोकरी करून आपण उण्यात बसायचं का, हा त्यांचा प्रश्न. मी समजावलं की ही लायकी नाही, जागा आहे. त्या म्हणाल्या, जागाच दाखवलीत की! तेवढ्यात ग्रंथपाल बाई आल्या. त्यांचं ग्रंथालय उणे सहावर, म्हणजे स्टाफरूमच्याही खाली. भाषेच्या बाईंचा राग तिथल्या तिथे अर्धा उतरला, तो ग्रंथपाल बाईंनी उचलला.

आठवी अ उणे पाचवर. त्या वर्गातल्या एकीची आई थेट शाळेत आली. आठवी ब अधिक पाचवर का आणि आमची अ उणे पाचवर का? गेल्या वर्षी निकाल कुणाचा जास्त होता? मी म्हणालो, ताई, रेषेला निकाल कळत नाही. त्या म्हणाल्या, तुम्हाला तरी कळतो का?

उजवीकडे तरी शांतता असावी? मोठ्या बाईंची खोली अधिक चारवर आणि पीटीच्या सरांची अधिक सातवर! पीटीचे सर दिवसभर दारात खुर्ची टाकून सातावर पाय ठेवून बसले.

शून्य

मोठ्या बाईंनी बोलावलं. रेषा पुसा म्हणाल्या. मी थिनर लावून पुसायला बसलो, तर आजूबाजूची फरशी पांढरी पडली आणि आकडे जास्तच उठून दिसायला लागले. आता ते जिन्यातूनसुद्धा वाचता यायचे.

बाई म्हणाल्या, "ऋण संख्या शिकवा, सर. माझी ना नाही. फक्त त्या दिसता कामा नयेत."



मनीप्लांट

हा उणे एक. म्हणजे उणे एकवर माळीकाकांनी मनीप्लांटची कुंडी ठेवली. बाईंचाच हुकूम, प्रत्येक उण्या आकड्यावर एक कुंडी. काकांनी हाताला लागेल ती आणली, त्यामुळे एकासारखी दुसरी नव्हती. उणे दोनवर क्रोटन, तीनवर कोरफड, चारवर नेचा, पाचवर निवडुंग, सहावर सदाफुली. स्टाफ खूश, पालक खूश. व्हरांडा शोभिवंत दिसतो असंही कुणीतरी म्हणालं.

मी हरणारा नाही. पुढच्या शुक्रवारी कुजबुजला अधिक तीनवरून पाच मागे पाठवलं. कुठे आहेस?

"क्रोटनजवळ, सर."

आणि वर्ग सुसाट सुटला की हो! एक अधिक दोनवर उभा राहून ओरडतो, सहा मागे गेलो तर नेचा. दुसरा म्हणतो, नेचा आणि वर चार म्हणजे शून्य. कुजबुज तर घरी जाताना जिन्यात मला गाठून म्हणाली, निवडुंगात सात मिळवले की अधिक दोन येतात. ज्या मुलांना ऋण संख्येचा घाम फुटायचा ती आता कुंड्यांची बेरीज करत होती. आकडे काय, नंतर आपसूक येतील, असं मी मनाशी म्हणालो. झाड ओळखलं की मूळ सापडतंच!

क्रोटन

आकडे आले नाहीत.

चाचणीच्या दुसऱ्या दिवशी छापील सरांनी मोठ्या बाईंच्या टेबलावर गठ्ठा ठेवला. तीन वजा पाच बरोबर क्रोटन. उणे एक वजा चार बरोबर निवडुंग. सगळा वर्ग, एकजात! एकानं नुसती कुंडी काढली होती, खाली पाणी झिरपताना. कुजबुजचा पेपर सगळ्यांत नीटनेटका, प्रत्येक वनस्पतीखाली पट्टीनं दोन रेघा.

मी उसळलो. उत्तरं बरोबर आहेत, म्हणालो. क्रोटन म्हणजेच उणे दोन, बाहेर चला, कुंडी उचलून दाखवतो. छापील सरांनी त्या सत्रात पहिल्यांदा तोंड उघडलं आणि विचारलं, कुठल्या पाठ्यपुस्तकात आहे? मी म्हणालो, मुलांचं गणित बघा, हिशेब बघा, एकाचीही चूक नाही. ते म्हणाले, एकाचंही उत्तर नाही.

मोठ्या बाईंनी कुजबुजचा पेपर उचलला, दूर धरला, जवळ आणला.

"सर, हे निवडुंग मी शाळा-तपासणीला कुठल्या तोंडानं दाखवू?"

सगळा वर्ग नापास. तास गेला. कुजबुज दुसऱ्या दिवसापासून पुन्हा कॉलरशी बोलायला लागली. मला त्याचा जास्त राग आला, तासापेक्षा.

कोरफड

पीटीच्या सरांनी परत मिळालेल्या पहिल्याच शुक्रवारी व्हरांड्यात फेरी मारली. त्यांच्याकडची वजनं मोडलेली. त्यांची नजर कुंड्यांवर गेली. मुलांना एकेक कुंडी उचलून अंगणात नेऊन ठेवायला लावली, दंडांसाठी उत्तम म्हणे. कुंड्या उठल्या, खालचे आकडे वर आले, पिवळेधमक. सरांनी शिट्टी फुंकली.

तीनवर उभे! पाच मागे! कुठे आहात?

"मायनस दोन!"

अख्खा वर्ग. आणि त्यात कुजबुजचा आवाज वेगळा काढता येईल इतका मोठा. ती ओरडली, दोन्ही पाय जुळवून, हसत! मी वर्गाच्या दारात, शून्यावर, उभा राहून बघत होतो.

भाषेच्या बाई स्टाफरूमबाहेर आल्या. आता होणार स्फोट, म्हणून मी खांब धरला. त्या म्हणाल्या, मुलांना व्यायाम हवाच हो. त्यांच्या पायाखाली उणे तीन होतं! आठवी अ मधल्या त्या मुलीच्या आईनं मुलांचे फोटो काढले. आणि मोठ्या बाई माझ्या शेजारी येऊन हळूच म्हणाल्या, खेळातून गणित म्हणतात ते हे. तुम्हीही येत जा शुक्रवारी, शिकण्यासारखं आहे.

मी जातो. काय करणार! पीटीचे सर मला रांगेत शेवटी उभं करतात. परवा शिट्टी वाजली, अधिक एकवरून चार मागे. मी मोजून चार ढांगा टाकल्या, एकही चुकली नाही. सगळ्या वर्गासमोर त्यांनी मला विचारलं, कुठे आहात, सर?

माझ्या तोंडून निघालं, "कोरफड."

मैदानाला दोन फेऱ्या.